शेवटच्या पानावरचं उत्तर

प्रिय दीपे,

पत्र बघून हसू नकोस. केळव्याहून दांडीला पत्र धाडणारी मी या जमान्यातली एकटीच असेन, हे मलाही कळतं. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी ‘फेर’ एवढं म्हटलं की तुझ्या बाबांना लगेच जाळ्याचं टोक धरायला कुणीतरी हवं असतं, नाहीतर आय हाक मारते, नाहीतर रेंज जाते. दांडीतली रेंज नेमकी माझ्या तोंडातून फेरतपासणी हा शब्द निघाला की जाते, हे मी आता पक्कं ओळखून आहे. कागदाला रेंज लागत नाही. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण आधी पूर्ण वाचशील याची मला खात्री आहे. कुठलीही गोष्ट अर्धी सोडणं तुला जमत नाही.

तर विषय तोच. शुक्रवारी संध्याकाळी फेरतपासणी मागायची मुदत संपते. समुद्रविज्ञानाच्या त्या अभ्यासक्रमाला आपल्या जिल्ह्यासाठी दोनच जागा. पहिली वसईच्या त्या मुलाने इतक्या गुणांनी नेली की त्याचं नाव काढण्यातही अर्थ नाही. दुसरी मला मिळाली. माझ्या खाली, फक्त एका गुणाने, तू. आणि तुझ्या सहाव्या प्रश्नापुढे दहापैकी एक गुण लिहिलेला, जेव्हा तुला आणि मला दोघींनाही माहीत आहे की त्या प्रश्नाचं उत्तर तू दोन पानं लिहिलं आहेस. नियम असा की फेरतपासणी मागितली की जुने गुण रद्द, सगळा पेपर नव्याने तपासणार आणि येतील तेच गुण धरणार, वाढोत नाहीतर घटोत. तू मागत नाहीयेस. का मागत नाहीयेस त्याची तू मला आतापर्यंत चार वेगवेगळी कारणं सांगितलीस आणि त्यातलं एकही खरं नाही.

आता लगेच कागदाची घडी करू नकोस. आधी इकडच्या बातम्या ऐक, तेवढ्याने तुझा राग थोडा उतरेल.

आमच्याकडे पाहुणे अजून येतातच आहेत. गेल्या शनिवारी मुंबईचं एक कुटुंब आलं होतं, त्यातल्या काकांनी पप्पांना विचारलं, भरती किती वाजता चालू करता? पप्पांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, चहा झाल्यावर. मी आत चादरी घड्या करत होते, हसू आवरेना म्हणून मला तिथेच बसावं लागलं. आईने सुरमई संपल्याचं कळवल्यावर त्याच काकांनी मासेमारी बंद असते म्हणजे मासे सुट्टीवर जातात का असंही विचारलं. मी मनात म्हटलं, दीपिका इथे असती तर यांना अंगणात बसवून सगळा धडा दिला असता, माशांच्या अंड्यांपासून सुरुवात करून.

आणि पप्पा. त्यांनी माझ्या निकालाचे पेढे सगळ्या आळीत वाटले, ते ठीक. पण आता घरी उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खोलीच्या चावीबरोबर पेढा देतात आणि आमची रूपल समुद्राची डॉक्टर होणार असं सांगतात. मी दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं. आईने माझ्यासाठी पालघरहून नवी बॅग आणली, चाकांची, आणि ती पलंगाखाली न ठेवता पडवीत ठेवली आहे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं. मी रोज त्या बॅगेला वळसा घालून बाहेर पडते.

तुला आठवतं, अकरावीत पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी का बसले ते? बाकी सगळे पुढचे बाक धरायला धावत होते आणि तू शेवटून दुसऱ्या बाकावर बसून डब्याचं झाकण जरासं उघडून आत बघत होतीस. तेवढ्या फटीतून सुक्या जवळ्याच्या चटणीचा वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. मी मैत्री तुझ्याशी नाही, तुझ्या डब्याशी केली, हे मी पहिल्या आठवड्यातच तुला सांगून टाकलं होतं. तू म्हणालीस, चालेल, पण डब्याला गणित येत नाही आणि मला येतं. पुढे दोन वर्षं मला गणित तू शिकवलंस आणि त्या बदल्यात मी तुला पोफळीच्या पानाची टोपी करायला शिकवलं. व्यवहार कसा झाला ते तूच बघ.

समुद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तो दाखवला मला तू. आमच्यासाठी समुद्र म्हणजे गिऱ्हाईक. शनिवारी येतं, रविवारी जातं, सोमवारी वाळूने भरलेल्या चादरी आपण धुवायच्या. त्या दिवाळीच्या सुट्टीत तू मला दांडीला घेऊन गेलीस. बांबूच्या वलांडींवर बोंबील तोंडाला तोंड अडकवून वाळत घातले होते आणि मी त्यांच्याखालून वाकून चालत तुझ्यामागे खाडीपर्यंत आले. तू ओहोटीला उघडी पडलेली वाळूची पट्टी दाखवलीस आणि म्हणालीस, ही माझ्या लहानपणी पलीकडे होती. एवढंच. वाळूची पट्टी चालत चालत इकडे येते, आणि ती का येते हे कुणीतरी शोधून काढायला हवं, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. घरी आले आणि पहिल्यांदा आमच्या सुरूच्या बागेकडे नीट बघितलं. दर वर्षी दोनचार सुरू मुळासकट आडवे होतात ते मी जन्मापासून बघत होते. लाटांनी पडले असं म्हणून आम्ही ते चुलीसाठी तोडून आणायचो. त्या दिवसापासून मी पडलेल्या झाडांपुढे उभी राहून विचार करू लागले. परीक्षेचा फॉर्म तू भरलास म्हणून मी भरला हे खरं, पण नंतर मला ते शिकायला मिळावं असं फार वाटू लागलं. आजही वाटतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटायला नको की हिला जागा नकोच होती म्हणून उदार झाली. मला ती जागा हवी आहे, दीपे. रात्री झोपताना त्या वसतिगृहाच्या खोलीत माझा पलंग खिडकीशी असेल की दाराशी, एवढ्यापर्यंत मी पोचले आहे.

आता परीक्षेच्या दिवसाबद्दल. आपण दोघी त्यावर धड कधी बोललोच नाही. बोललो ते हसण्यापुरतं.

रविवार होता. बोईसरच्या त्या शाळेत आपले नंबर एकाच वर्गात आले म्हणून मी किती खूश झाले होते. तू खिडकीच्या रांगेत, मी मधल्या रांगेत तुझ्या दोन बाकं पुढे. पेपर निम्मा झाला असेल आणि कारखान्यांच्या बाजूने भोंगा वाजला. मला वाटलं, कामगारांची पाळी सुटली. वर्गातल्या बहुतेकांना तसंच वाटलं असणार, कारण कुणी मान वर केली नाही. पण तू उठलीस. तुझ्याबरोबर पोफरणचा तो उंच मुलगा उठला, आणखी तिघंचौघं उठली, आणि तुम्ही एकमेकांशी एक अक्षर न बोलता पेनं खाली ठेवून खिडक्या लावायला लागलात. पर्यवेक्षिका बाई ओरडल्या, हे काय चाललंय, बसा खाली. तू एक तावदान ओढत मान न वळवता म्हणालीस, “बाई, भोंगा हाय. चढतो नि उतरतो, ऐका.” त्या बाई बाहेरगावच्या होत्या, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मलाही कळलं नाही. सरळ लांब वाजला तर सगळं ठीक, चढउतार करत वाजला तर वायू सुटलाय, हे तुम्हा अणुकेंद्राकडच्या मुलांना पहिलीपासून शिकवतात. आम्हा केळव्याच्या मुलांना पहिलीपासून शहाळं कसं सोलायचं ते शिकवतात. चाचणीचा भोंगा ठरल्या वारी वाजतो आणि त्याच्याकडे तुम्ही कुणी लक्षही देत नाही, पण हा रविवारी वाजला म्हणजे खराच असं तुम्ही धरलंत, हे तू मला नंतर सांगितलंस.

बाकीची मुलं लिहीत राहिली. तुम्ही पाचसहा जणं उभी. तू आपली पाण्याची बाटली ओढणीवर उपडी केलीस आणि त्या घाईत निम्मं पाणी तुझ्या उत्तरपत्रिकेवर सांडलं. सहाव्या प्रश्नाचं पान भिजलं ते असं. नंतर त्या पानावर शाई उतरेना, म्हणून तू कशाबशा लिहिलेल्या दोन ओळींखाली ‘पुढील उत्तर शेवटच्या पानावर’ असं लिहिलंस आणि खरं उत्तर मागे, कच्च्या कामाच्याही मागे, शेवटच्या दोन पानांवर लिहून काढलंस. सुटल्यावर रिक्षात तू मला ते उत्तर जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवलंस. किनाऱ्यावरच्या एखाद्या बदलाचं तुमचं निरीक्षण लिहा, असा प्रश्न होता. तू तुझी वाळूची पट्टी लिहिली होतीस. मी माझे सुरू लिहिले होते. मला दहापैकी सात मिळाले, आणि सुरूकडे बघायचं कसं हे मला कुणी शिकवलं ते वर लिहिलंच आहे. तुला एक मिळाला. त्या भिजलेल्या पानावरची ती सूचना फिसकटली असणार, आणि शेवटचं पान कुणी उलटलंच नसणार. यात तुझी चूक कुठे आहे ते मला दाखव. तपासणाऱ्याचीही फारशी नाही. म्हणून तर फेरतपासणी ठेवलेली असते.

निकालाच्या दिवशी मला पहिला फोन तुझा आला. माझ्या आधी तू माझा नंबर बघितला होतास. तू इतकी खरी आनंदली होतीस की तुझे स्वतःचे गुण तू सांगितलेच नाहीस, मला ते विचारून घ्यावे लागले. मग तू फेरतपासणीबद्दल एकेक कारण द्यायला लागलीस. पहिलं, गुण घटले तर. दुसरं, बाबा म्हणतात लिहिलं ते लिहिलं. तिसरं, पालघरमध्येच बीएस्सी केलं तर आयला मदत होईल. चौथं, भोंगा खोटा होता, आम्हीच येड्यासारखे उठलो, त्याचं काय मागायचं. मी प्रत्येक कारण ऐकून घेतलं आणि प्रत्येक वेळी घरी येऊन आईवर चिडले, बिचारीला कारण न कळता.

मग परवा मी बोईसरच्या बाजारात तुझ्या आयकडे गेले. तुला न सांगता गेले, आता सांगते. नलूमावशी नेहमीच्या जागी बसल्या होत्या, सुक्या बोंबलाच्या जुड्या आणि जवळ्याचा ढीग लावून. मला बघताच त्यांनी शेजारचा पाट पुढे सरकवला आणि माझ्या हातात मूठभर जवळा कोंबला, घरी ने म्हणून. मी सरळ विचारलं, मावशी, दीपिका पेपर परत का तपासून घेत नाही? त्या आधी एका गिऱ्हाईकाशी घासाघीस करत बसल्या. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलल्या. “ती काय तुला सांगायची नाय. मला बोलली, आय, ती जागा रूपलची हाय. मी मागितली नि मला भेटली, त रूपल माजी नाय ऱ्हायाची.” एवढं सांगून त्यांनी पुढच्या बाईला बोंबलाचा भाव सांगितला. तुझं पाचवं कारण, खरं कारण, मला सुक्या मासळीच्या ढिगाशेजारी कळलं.

मला आधी राग आला. खूप आला. तुझी मी इतकी हलकी मैत्रीण आहे का, की एक जागा गेली तर उठून जाईन? दोन वर्षं तुझा डबा खाल्ला तो काय अंगाला लागलाच नाही? बोईसरहून परतताना मी मनातल्या मनात तुझ्याशी इतकी भांडले की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. तुझा फॉर्म आपण माझ्या लॅपटॉपवरच भरला होता आणि तुझा पासवर्ड म्हणजे तुमच्या बोटीचं नाव, हे मला पाठ आहे. तुझ्या नावाने आत शिरले. फेरतपासणीचं बटण समोर होतं. एकदा दाबलं की झालं, मग तू कितीही रागावलीस तरी काही करता आलं नसतं. मग मी ते न दाबताच बंद केलं. पेपर तुझा आहे. तुझ्या वतीने कुणी, अगदी मीसुद्धा, ठरवलेलं तुला कधी आवडलं नसतं. तेव्हा निर्धास्त राहा, तुझ्या नावाने मी काही केलेलं नाही. पासवर्ड मात्र बदल.

आता ते लिहिते जे आपण रिक्षातही बोललो नाही.

खिडक्या लावून झाल्यावर तू माझ्याकडे आलीस, ओली ओढणी घेऊन. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की काहीतरी भयंकर आहे, कारण तुला घाबरलेलं मी त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. आणि घाबरले की माझा दमा कसा उठतो ते तुला माहीत आहे. छाती आवळली, शिट्टी वाजायला लागली. माझा पंप दप्तरात होता आणि सगळ्यांची दप्तरं बाहेर, व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलेली. मला बोलता येत नव्हतं. मी फक्त दाराकडे बघितलं. तू ओढणी माझ्या नाकातोंडावर दाबलीस, माझा हात त्यावर ठेवलास आणि म्हणालीस, “बोलू नको. हळू घे. मी आलेच.”

तुम्हाला शिकवलेल्या नियमांतला पहिला नियम तूच मला दांडीला सांगितला होतास. एकदा आत आलात की भोंगा सरळ वाजेपर्यंत बाहेर पाय ठेवायचा नाही, कुणी रडत असलं तरी नाही. तू दार उघडून बाहेर गेलीस. भोंगा तेव्हाही चढत उतरत होता. तो तारेच्या बिघाडाने वाजतोय, हे शिपायाने येऊन सांगितलं ते नंतर. त्या घडीला ते कुणालाच माहीत नव्हतं, तुला तर नाहीच. तुझ्या समजुतीप्रमाणे बाहेरच्या हवेत विष होतं आणि तू त्या हवेतून व्हरांडाभर पळत गेलीस, तेही उघड्या तोंडाने, कारण तुझी ओढणी माझ्याजवळ होती. पंप आणून तू दारातून माझ्याकडे टाकलास. बाईंनी तुला आत घेतलं नाही. परवानगीशिवाय बाहेर गेलीस म्हणून मुख्य पर्यवेक्षक येईपर्यंत तुला दाराबाहेर उभं केलं. मी आत बसून पंप ओढत होते आणि दाराच्या काचेतून मला तुझा अर्धा चेहरा दिसत होता. तू हाताने खूण करत होतीस, लिही, लिही.

मी लिहिलं, दीपे. श्वास परत आला आणि मी लिहायला लागले. तू आत आलीस तेव्हा माझे पाच प्रश्न पुरे झाले होते. गेलेला वेळ कुणालाही वाढवून दिला नाही. मुलं तुमच्याकडे बघून हसली, खिडक्या लावणारी मंडळी म्हणून, आणि तूही त्यांच्याबरोबर हसलीस. रिक्षात तू वाळूच्या पट्टीचं उत्तर सांगत राहिलीस म्हणजे मला आभार मानायची संधीच मिळू नये. तू मुद्दाम केलंस ते मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून आज मानते. तू माझ्यासाठी बाहेर गेलीस. माझी स्वतःची माणसं सोडली तर माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, आणि आता तुला मी त्यांच्यातच धरते. जन्मभर मला श्वास लागला की आधी तुझा तो काचेतला अर्धा चेहरा आठवणार आहे, आणि त्याने मला पंपाआधी बरं वाटणार आहे. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. पण मानते, अगदी मनापासून.

घरी मी हे काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईने मला बोईसरचं नावही काढू दिलं नसतं. परवा बाजारातून आल्यावर रात्रीच्या जेवणाला मी पप्पांना म्हटलं की कदाचित माझी जागा जाईल. ते भडकले. इतके पेढे वाटले, आता लोकांना काय तोंड दाखवू, इथपासून सुरुवात झाली. मी त्यांना बोलू दिलं आणि मग भोंग्यापासून काचेपर्यंत सगळं सांगितलं. आई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी. पप्पांनी ताटात हात धुतला, जे ते कधी करत नाहीत, आणि काळोखात बागेत निघून गेले. सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. म्हणाले, “त्या मुलीला लिही. फोनवर नको, असलं फोनवर सांगायचं नसतं. मी नेऊन देतो.” तेव्हा हे पत्र घेऊन पप्पा स्वतः बोईसरला नलूमावशींकडे येतील. सोबत शहाळी आणि केळ्यांचा लोंगर असेल. मावशींना सांग की पप्पा त्यांच्यासमोर काही बोलले नसतील तर गैरसमज करून घेऊ नका. असलं काही बोलायला लागले की ते रडतात, म्हणून गप्प राहतात.

आता पत्र कशासाठी ते. तू म्हणतेस ती जागा रूपलची आहे. आज सकाळी मी माझ्या पेपरची फेरतपासणी मागितली. अर्ज गेला, पोच आली, माझे जुने गुण रद्द झाले. तेव्हा या घडीला ती जागा रूपलची नाही आणि तू जिच्यासाठी राखून ठेवली होतीस तिने ती स्वतःच सोडून दिली आहे. मूर्खपणा म्हण हवं तर. तो उघड्या तोंडाने व्हरांड्यात पळण्याइतका मोठा नाही. मला ती जागा हवी आहे हे वर लिहिलंय ते तसंच आहे. मिळाली तर तुझं शेवटचं पान कुणीतरी वाचल्यानंतर मिळू दे, म्हणजे मी तिथल्या खिडकीशी सुखाने झोपेन. आणि तुला मिळाली तर मी आईची नवी बॅग घेऊन दांडीला येईन आणि ती तुझ्या हातात देईन. चाकं आहेत तिला, तुझ्या वाळूत चालायची नाहीत, एवढंच. बाकी आपल्यात काय बदलणार आहे? तू पालघरला असलीस नाहीतर मी, डबा दोघींचाच राहील. मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आहे. त्या दिवशी काचेतून तू मला लिही म्हणालीस आणि मी ऐकलं. आता मी सांगते आणि तू ऐक. अर्ज भर.

तुझीच, पंप आता दोरीने गळ्यात अडकवून फिरणारी,
रूपल